विश्लेषण : नाझी जिंकलेल्या जगात गेमर का रमतात? ‘वुल्फनस्टाईन’च्या आकर्षणामागे काय?

दुसरे महायुद्ध नाझी जर्मनीने जिंकले असते तर? या प्रश्नावर कादंबऱ्या आल्या, मालिका आल्या. मात्र त्या जगात प्रत्यक्ष वावरण्याचा, तिथली गाणी ऐकण्याचा आणि तिथल्या सत्तेशी दोन हात करण्याचा अनुभव दिला तो एका व्हिडीओ गेमने. २०१४ मध्ये आलेल्या ‘वुल्फनस्टाईन : द न्यू ऑर्डर’चे नाव आजही शूटर गेमच्या चाहत्यांच्या आवडत्या यादीत असते. केवळ बंदूक चालवण्याची हौस भागवायची तर बाजारात शेकडो गेम आहेत. मग हाच गेम मनात का राहतो?

‘वुल्फनस्टाईन’ ही मालिका काय आहे?

या मालिकेचे वय चाळिशीच्या पुढे गेले आहे. सायलस वॉर्नर या प्रोग्रामरने तयार केलेला ‘कॅसल वुल्फनस्टाईन’ १९८१ मध्ये ‘म्यूझ सॉफ्टवेअर’ने ॲपल टू संगणकासाठी आणला. नाझींच्या किल्ल्यात कैद झालेल्या सैनिकाने पहारेकऱ्यांचा डोळा चुकवत, शत्रूचाच गणवेश अंगावर चढवून, युद्धाचे गुप्त आराखडे घेऊन निसटायचे, असा तो खेळ. त्यात गोळीबारापेक्षा लपाछपी अधिक होती.

मालिकेला जगभर नाव मिळाले ते ५ मे १९९२ रोजी आलेल्या ‘वुल्फनस्टाईन थ्रीडी’मुळे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक यांच्या ‘इड सॉफ्टवेअर’ने तो बनवला. पडद्यावर खेळाडूचे पात्र दिसत नाही, दिसतो तो त्याच्या हातातील पिस्तुलाचा पुढचा भाग. आपण पात्राच्या डोळ्यांनीच पाहतो. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या प्रकाराला ओळख मिळवून देण्यात या गेमचा वाटा मोठा आहे. पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे, या ‘शेअरवेअर’ पद्धतीने तो पसरला. तिसऱ्या भागाच्या शेवटी यांत्रिक चिलखत घातलेल्या हिटलरशी लढत होती. कथा मात्र नावापुरतीच. नाझी होते, कारण ते दिसताक्षणी गोळी घालायला हरकत नसलेले शत्रू होते.

त्यानंतर २००१ आणि २००९ मध्ये वेगवेगळ्या स्टुडिओंनी मालिका पुढे नेली. खरी कलाटणी मिळाली ती स्वीडनमधील उप्सालाच्या ‘मशीनगेम्स’कडे ती आल्यावर. २००९ मध्ये स्थापन झालेल्या या स्टुडिओने २० मे २०१४ रोजी ‘द न्यू ऑर्डर’ आणला. ‘बेथेस्डा’ ही त्याची प्रकाशक कंपनी.

‘द न्यू ऑर्डर’ची कथा काय?

गेम सुरू होतो जुलै १९४६ मध्ये. प्रत्यक्ष इतिहासात मे १९४५ मध्येच जर्मनी शरण आला होता. इथे मात्र युद्ध सुरूच आहे आणि दोस्त राष्ट्रे हरत आहेत. ‘डेथ्सहेड’ या टोपणनावाच्या नाझी सेनानीच्या प्रयोगशाळेतून महाकाय यंत्रे, यांत्रिक कुत्री आणि काळाच्या कितीतरी पुढची शस्त्रे बाहेर पडत आहेत. त्याच्या किल्ल्यावरील शेवटचा हल्ला फसतो. अमेरिकी सैनिक विल्यम जोसेफ ब्लाझकोविच ऊर्फ बीजे डोक्यात धातूचा तुकडा घुसून जखमी होतो आणि पोलंडमधील एका मनोरुग्णालयात पोहोचतो.

तिथे तो चौदा वर्षे खुर्चीत बसून असतो. हलता येत नाही, बोलता येत नाही. समोर ऋतू बदलतात, आन्या ही परिचारिका त्याची काळजी घेते आणि अधूनमधून गणवेशातील माणसे येऊन एखाद्या रुग्णाला उचलून नेतात. नेलेले रुग्ण परत येत नाहीत. १९६० मध्ये रुग्णालय कायमचे बंद करण्याचा हुकूम येतो. सैनिक रुग्णांना गोळ्या घालू लागतात. त्याच क्षणी बीजेचे शरीर जागे होते.

बाहेर पडल्यावर आन्याच्या आजी-आजोबांच्या घरी त्याला कळते ते असे : मॅनहॅटनवर नाझींनी अणुबॉम्ब टाकला, १९४८ मध्ये अमेरिकेने शरणागती पत्करली. युद्ध केव्हाच संपले आहे. तो झोपेत असतानाच हरला आहे.

या एका गोष्टीने गेमचा सूर ठरतो. इतर युद्धगेममध्ये खेळाडू जिंकण्यासाठी लढतो. इथे तो पराभव होऊन गेल्यानंतर येतो.

पर्यायी इतिहास म्हणजे काय?

इतिहासातील एखादी घटना वेगळी घडली असती तर पुढे काय झाले असते, याची तर्कसंगत कल्पना म्हणजे पर्यायी इतिहास. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ च्या पानिपताच्या लढाईत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकली आहे आणि मराठे जिंकले आहेत. एका गोळीच्या इंचभर अंतराने अवघा इतिहास फिरतो. गंमत अशी, की त्या जगातील मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल टिकून असल्याचे गंगाधरपंतांना दिसते. एक घटना बदलली म्हणून सगळेच मनासारखे होत नाही, हे भान त्या कथेत आहे.

नाझी विजयाच्या कल्पनेवर पाश्चात्त्य साहित्यात बरेच लेखन झाले. फिलिप के. डिक यांची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी १९६२ मधली. रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ १९९२ मधली, म्हणजे ‘वुल्फनस्टाईन थ्रीडी’च्याच वर्षातली. या दोन्ही कादंबऱ्यांत वाचक पात्रांच्या मागे मागे चालतो. गेममध्ये मागे चालण्याची सोय नाही. दार उघडायचे तर ते खेळाडूनेच उघडायचे. भिंतीवरचे वर्तमानपत्राचे कात्रण वाचायचे की तसेच पुढे जायचे, हेही त्यानेच ठरवायचे. त्यामुळे हे खोटे जग त्याने स्वतः शोधून काढलेले असते आणि शोधून काढलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

गेममधील हे जग खरे का वाटते?

कारण त्यातील तपशील खऱ्या इतिहासातून उचललेले आहेत. गेममधील बर्लिन काँक्रीटच्या अतिप्रचंड इमारतींचे शहर आहे. ते हवेतून आलेले नाही. हिटलर आणि त्याचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर यांनी बर्लिनच्या जागी ‘जर्मानिया’ ही जागतिक राजधानी उभारण्याचे आराखडे आखले होते. त्यातील महासभागृहाच्या घुमटाची उंची सुमारे २९० मीटर ठरवली होती. बर्लिनची भुसभुशीत जमीन एवढा भार पेलेल का, हे पाहण्यासाठी १९४१ मध्ये काँक्रीटचा एक अजस्र दंडगोल उभारण्यात आला. तो आजही तिथे उभा आहे. जर्मानिया झाले नाही. गेमने ते बांधून दाखवले.

चंद्रावरील नाझी तळ ऐकायला निव्वळ अतिशयोक्ती वाटतो. पण नाझींसाठी व्ही-टू क्षेपणास्त्र बनवणारा वेर्नर फॉन ब्राऊन युद्धानंतर अमेरिकेत गेला आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा प्रमुख शिल्पकार ठरला. ती व्ही-टू क्षेपणास्त्रे मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतील कैद्यांकडून भूमिगत कारखान्यात बनवून घेतली जात आणि ते कैदी जिवावर उदार होऊन त्यांत मुद्दाम खोट ठेवत. गेममधील सेट रोथ हा ज्यू शास्त्रज्ञ नाझींच्या काँक्रीटच्या मिश्रणातच बिघाड करून ठेवतो, तो धागा इथे येऊन मिळतो.

सर्वाधिक चर्चा झाली ती संगीताची. प्रसिद्धीसाठी ‘नॉयमोंड रेकॉर्ड्स’ या काल्पनिक कंपनीच्या नावाने साठच्या दशकातील जर्मन पॉप गाणी तयार करण्यात आली. इंग्रजी संगीतविश्व जन्मालाच आले नाही, तर त्या काळची लोकप्रिय गाणी कशी असती, याचा हा खेळकर अंदाज. त्यात ‘दी केफर’ नावाचा एक वाद्यवृंद आहे. या शब्दाचा जर्मन अर्थ ‘भुंगे’. इशारा अर्थातच बीटल्सकडे. विनोद आणखी टोकदार होतो, कारण खरे बीटल्स १९६० मध्येच जर्मनीतील हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये गात होते आणि १९६४ मध्ये त्यांनी आपली दोन गाणी जर्मन भाषेतही ध्वनिमुद्रित केली.

ही गाणी कानाला गोड आहेत आणि अस्वस्थता त्यातूनच येते. हुकूमशाही म्हटली की डोळ्यांसमोर बूट, झेंडे आणि किंकाळ्या येतात. हा गेम दाखवतो, की तिची सवय झाली की तिच्यातही लोक गुणगुणतात, सहलीला जातात, रेल्वेत कॉफी पितात. जे नाहीसे झाले, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

खेळ म्हणून तो चांगला आहे का?

कथा कितीही चांगली असली तरी बंदूक हातात घेतल्यावर मजा आली नाही तर गेमर पुढे जात नाही. ‘द न्यू ऑर्डर’ने इथे जुन्या-नव्याचा मेळ घातला. त्या काळातील बहुतेक शूटर गेममध्ये दोनच बंदुका बाळगता येत आणि जखमी झाल्यावर क्षणभर आडोशाला थांबले की तब्येत आपोआप पूर्ववत होई. इथे नव्वदच्या दशकाप्रमाणे सगळी शस्त्रे एकाच वेळी जवळ ठेवता येतात. दोन हातांत दोन बंदुकाही चालवता येतात. तब्येत आपोआप सुधारते, पण फक्त वीसच्या पुढच्या टप्प्यापर्यंत. म्हणजे आकडा ४३ वर आला तर तो ६० वर थांबणार. उरलेली भर औषधपेट्या आणि खाण्याचे पदार्थ शोधून घालायची. त्यामुळे खेळाडू एका कोपऱ्यात बसून राहत नाही, त्याला हलावेच लागते.

लपतछपत खेळायचे असेल तर त्याचीही सोय आहे. अनेक ठिकाणी शत्रूचे अधिकारी असतात. गडबड झाली की ते जादा कुमक मागवतात. त्यांना आधी गुपचूप गाठले तर पुढची लढाई सोपी होते, पकडले गेलात तर धुमश्चक्री. दोन्ही मार्ग खुले. खेळाडू ज्या पद्धतीने खेळतो, त्याच पद्धतीची कौशल्ये त्याला बक्षीस मिळत जातात. दबकत जाणाऱ्याला चाकूफेकीची, थेट भिडणाऱ्याला जास्त गोळ्यांची.

आणखी एक निर्णय त्या काळात धाडसाचा होता. ऑनलाइन सामन्यांची चलती असताना या गेममध्ये मल्टिप्लेअर ठेवलेच नाही. सगळी मेहनत एकट्याने खेळायच्या कथेवर. लेव्हलअपची शर्यत नाही, रोज हजेरी लावण्याचा तगादा नाही. नोकरी-संसार सांभाळून आठवड्यातून दोन रात्री खेळणाऱ्या गेमरला ही गोष्ट जास्त भावते. सुरुवात आहे, शेवट आहे आणि मध्ये कुणी आणखी पैसे मागत नाही. जुन्या खेळाडूंसाठी एक गंमतही आहे. बंडखोरांच्या अड्ड्यावरील एका गादीवर झोपले की बीजेला स्वप्न पडते आणि त्या स्वप्नात १९९२ च्या ‘वुल्फनस्टाईन थ्रीडी’ची लेव्हल खेळता येते.

बंदूक हातात नसतानाचे प्रसंग जास्त का लक्षात राहतात?

या गेमची खरी ताकद इथे आहे. तो खेळाडूला वारंवार निःशस्त्र करतो. मनोरुग्णालयातील चौदा वर्षांत बटण दाबून काही होत नाही. बीजेसारखेच आपणही फक्त पाहत राहतो. त्याआधी डेथ्सहेड दोन सहकाऱ्यांना समोर उभे करून कुणाला मारायचे हे बीजेलाच ठरवायला लावतो. एकीकडे फर्गस हा अनुभवी स्कॉटिश वैमानिक, दुसरीकडे वायट हा कोवळा अमेरिकी सैनिक. इथे बरोबर उत्तर नाही. निवडीनुसार पुढची कथा दोन फाट्यांनी जाते, भेटणारी काही पात्रेही बदलतात. ज्याला वाचवले नाही तो गेम संपेपर्यंत पाठ सोडत नाही, आणि शेवटच्या लढाईत तर त्या निवडीचा हिशेब थेट समोर उभा राहतो.

दुसरा प्रसंग बर्लिनला जाणाऱ्या रेल्वेतला. बीजे कॉफीचा ट्रे घेऊन डब्यातून चाललेला असताना फ्राऊ एंगेल ही नाझी अधिकारी त्याला समोर बसवते. टेबलावर चित्रांचे पत्ते मांडते, शेजारी पिस्तूल ठेवते. पत्ते निवडायचे आणि त्यावरून ती रक्ताची शुद्धता ओळखणार, असा हा खेळ. पिस्तुलाकडे हात नेला तर मृत्यू. शेवटी ती हसत सांगते, की ही परीक्षा वगैरे काही नव्हती, गंमत होती. सोनेरी केस आणि निळे डोळे पाहून तिने बीजेला ‘अस्सल’ ठरवलेलेच असते. तो पोलिश वंशाचा आहे आणि पुढच्या भागात कळते त्याप्रमाणे त्याची आई ज्यू आहे. वंशशास्त्राच्या गप्पा मारणाऱ्या बाईला समोरचा माणूस ओळखता आला नाही, यातून त्या ‘शास्त्रा’चे पितळ एका गोळीविना उघडे पडते.

इतक्या वेळा हात बांधल्यावर जेव्हा बंदूक परत मिळते, तेव्हा ट्रिगर दाबण्याला कारण असते. निव्वळ शूटर गेम आणि या गेममधला फरक तो हाच. राग उसना घ्यावा लागत नाही, तो खेळाडूच्या मनात आधीच साठलेला असतो.

बंडखोरांची टोळी वेगळी कशी?

नाझी राजवटीने १९३३ मध्येच आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे ‘टी-फोर’ या सांकेतिक नावाने अपंग आणि मनोरुग्णांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली. १९४० ते १९४१ या काळात सहा केंद्रांवर ७० हजारांहून अधिक रुग्णांना वायूने मारण्यात आले. ऑगस्ट १९४१ मध्ये बिशप फॉन गालेन यांच्या जाहीर निषेधानंतर मोहीम कागदोपत्री थांबली, हत्या मात्र उपासमार आणि इंजेक्शनच्या रूपाने सुरूच राहिल्या. गेममधील मनोरुग्णालयाचा प्रसंग या इतिहासातून येतो.

आता बंडखोरांच्या अड्ड्यावर कोण आहे ते पाहा. त्यांची नेता कॅरोलिन चाकाच्या खुर्चीत आहे. मॅक्स हास या धिप्पाड तरुणाच्या मेंदूला इजा झालेली आहे. त्याला स्वतःच्या नावापलीकडे काही बोलता येत नाही. त्याला मुलासारखे सांभाळणारा क्लाऊस हा एकेकाळचा नाझी. पायात व्यंग घेऊन जन्मलेल्या त्याच्या बाळाला त्याच्याच राजवटीने मारले. (नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स स्वतः पायातील व्यंगामुळे लंगडत चालत असे, हा इतिहासातील विरोधाभास.) सेट रोथ हा वृद्ध ज्यू आहे. आणि खुद्द बीजे चौदा वर्षे ‘उपयोग नसलेला’ रुग्ण होता. २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाची पहिली लढाई तर तो चाकाच्या खुर्चीत बसूनच लढतो.

म्हणजे ज्यांच्या जगण्याला किंमत नाही असे राजवटीने ठरवले, तेच इथे तिच्याविरुद्ध उभे आहेत. गेममध्ये यावर भाषण नाही. मॅक्सची हरवलेली खेळणी शोधून देण्याचे एक छोटेसे काम तेवढे मिळते. ते केले नाही तरी चालते. तरीही ज्यांनी गेम खेळला ते गोळीबाराइतकेच हे कामही आठवणीने सांगतात. या टोळीचे नाव ‘क्रायझाऊ सर्कल’. तेही खरे आहे. हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके यांच्या क्रायझाऊ येथील वाड्यावर जमणाऱ्या नाझीविरोधी गटाला हे नाव मिळाले होते. मोल्टके यांना जानेवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आले.

अमेरिकेलाही आरसा दाखवला का?

वायटला वाचवले तर ‘जे’ हा कृष्णवर्णीय गिटारवादक भेटतो. त्याला पाहून जिमी हेंड्रिक्सची आठवण यावी अशीच त्याची रचना आहे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकेचा अभिमान बाळगणाऱ्या बीजेला तो सुनावतो, की त्याच्यासारख्यांसाठी त्या देशातील गोरे नाझींपेक्षा वेगळे नव्हते. गेममधील हे वर्ष १९६०. खऱ्या इतिहासात त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळीत जाऊन बसले आणि आंदोलनाचा वणवा पेटला. नायकाच्या देशप्रेमाला असा तडा देणे शूटर गेममध्ये दुर्मीळ होते.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी आलेला ‘द न्यू कोलोसस’ हा भाग थेट अमेरिकेत घडतो. तिथे नाझी संचलने पाहायला रस्त्यावर गर्दी जमते, कू क्लक्स क्लानची माणसे उजळ माथ्याने फिरतात. बीजेचा बापच वर्णद्वेष्टा आणि मारकुटा निघतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल येथे स्वस्तिकाचे झेंडे घेऊन मोर्चा निघाला होता. त्यामुळे ‘अमेरिका पुन्हा नाझीमुक्त करा’ या आशयाच्या जाहिरातीवरून वाद पेटला. नाझींना विरोध हा वादाचा विषय असूच शकत नाही, अशी भूमिका प्रकाशकांनी घेतली. १९९२ मध्ये नाझी म्हणजे सर्वात बिनधोक शत्रू होते. २५ वर्षांनी त्यांना शत्रू म्हणणे हीच बातमी ठरली. गेम फारसा बदलला नव्हता, भोवतालचे जग बदलले होते.

जर्मनीत या गेममध्ये स्वस्तिक का नव्हते?

जर्मन दंडविधानाच्या कलम ८६ अ नुसार घटनाविरोधी संघटनांची चिन्हे वापरण्यास बंदी आहे. नाझींच्या चिन्हाला जर्मन भाषेत ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणतात. आपल्या दारातल्या स्वस्तिकाशी त्याचा अर्थाने संबंध नाही. कला, संशोधन, शिक्षण यांना कायद्यात सवलत आहे, त्यामुळे चित्रपटांत ही चिन्हे दिसतात. गेमना मात्र अनेक वर्षे कला म्हणून ही सवलत मिळाली नाही. ‘वुल्फनस्टाईन थ्रीडी’ तिथे नव्वदच्या दशकात जप्त झाला. ‘द न्यू ऑर्डर’च्या जर्मन आवृत्तीतून चिन्हे काढली, ‘द न्यू कोलोसस’मध्ये तर हिटलरची मिशीच गायब झाली आणि ‘फ्यूरर’चा ‘कान्झ्लर’ झाला.

परिणाम उलटाच होत होता. ज्या देशाला या इतिहासाची आठवण सर्वाधिक ठेवायची आहे, तिथल्याच गेमरला ते नाझी आहेत हे नीट सांगता येत नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘यूएसके’ या तिथल्या गेमवर्गीकरण संस्थेने धोरण बदलले. प्रत्येक गेमचा संदर्भ तपासून सवलत द्यायचे ठरले.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप छळछावणीचा. ‘द न्यू ऑर्डर’मध्ये बीजे क्रोएशियातील एका काल्पनिक श्रमछावणीत शिरतो, त्याच्या हातावर क्रमांक गोंदला जातो आणि अखेर महाकाय यंत्रावर ताबा मिळवून तो छावणी उधळतो. लाखोंच्या मृत्यूची जागा करमणुकीच्या लेव्हलमध्ये बसवावी का? शिवाय एका नायकाने छावणी मोडल्याचे दृश्य पाहून ‘मग त्या लोकांनी प्रतिकार का केला नाही’ असा चुकीचा प्रश्न कुणाच्या मनात येऊ शकतो. खरे तर प्रतिकार झाला होता. वॉर्सा घेट्टोमध्ये एप्रिल १९४३ मध्ये, ट्रेब्लिन्कात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सोबिबोरमध्ये ऑक्टोबरमध्ये, आउश्वित्झमध्ये ऑक्टोबर १९४४ मध्ये. त्यांच्याकडे महाकाय यंत्रे नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नाझींचे तंत्रज्ञान आले कुठून, याचे गेमने दिलेले उत्तर असे : ‘दाअत यिखूद’ या प्राचीन ज्यू गुप्तसंघाच्या भांडारातून ते चोरले. ज्यूंकडे गुप्त शक्ती आहे, हा ज्यूद्वेष्ट्यांचा जुना आवडता आरोप. गेमचा हेतू तसा नसला तरी तो त्याच्या जवळून जातो. त्याच वेळी या कल्पनेला दुसरी बाजूही आहे. प्रत्यक्षात हिटलरने एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढले. आइनस्टाइन, माक्स बॉर्न, पुढे लिझे माइटनर अशी माणसे देश सोडून गेली आणि जर्मन विज्ञान दुबळे झाले. ज्यांना हाकलले, त्यांच्याच ज्ञानावाचून ती राजवट जिंकू शकत नव्हती, हेच गेम अतिशयोक्तीने सांगतो.

तिसरा मुद्दा रक्तपाताचा. या गेममधील हिंसा अत्यंत भडक आहे. हा गेम फक्त प्रौढांसाठी आहे आणि पालकांनी तो तसाच मानावा.

पुढे काय? नव्या खेळाडूने सुरुवात कुठून करावी?

‘द न्यू कोलोसस’ला २०१७ च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट ॲक्शन गेमचा पुरस्कार मिळाला. २०१९ मधील ‘यंगब्लड’ने कथा थेट १९८० च्या पॅरिसमध्ये नेली आणि बीजेच्या जुळ्या मुलींना नायिका केले. दोघांनी मिळून खेळायच्या आणि कथेपेक्षा गुण-स्तरांवर भर देणाऱ्या या भागाने जुने चाहते निराश झाले. प्रकाशक कंपनीची मूळ कंपनी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेली. मशीनगेम्सने २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंडियाना जोन्सवरील गेम आणला. त्यातही शत्रू नाझीच होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी अमेरिकेत क्रांतीची हाक दिली जाते, ती क्रांती कशी झाली हे सांगणारा भाग मात्र आलेला नाही. चाहत्यांची प्रतीक्षा त्याचीच आहे.

नव्याने खेळणाऱ्याने ‘द न्यू ऑर्डर’पासून सुरुवात करून मग ‘द न्यू कोलोसस’कडे वळावे. आधीच्या भागांची माहिती नसली तरी अडत नाही. फक्त एक करावे, घाई करू नये. लढाई संपल्यावर अड्ड्यावर फिरावे, भिंतीवरची कात्रणे वाचावीत, रेडिओवरची गाणी ऐकावीत, मॅक्सची खेळणी शोधून द्यावीत. कोणासाठी लढत आहोत, हे तिथेच कळते.